'/यूएसआर' चुकून हलवलंय? आधी टर्मिनल उघडं ठेवा

समजा, लॅबच्या उबुंटू मशीनवर तुम्ही एक सॉफ्टवेअर कंपाइल केलंय. त्यातलं 'यूएसआर' नावाचं फोल्डर '/जुने' मध्ये हलवायचं होतं. रूट म्हणून 'एमव्ही' कमांड दिली, पण './यूएसआर' मधला टिंब राहिला. सिस्टिमचं '/यूएसआर' गेलं! आता 'एलएस' नाही, 'एमव्ही' नाही, 'सुडो'सुद्धा नाही. आणि त्याच डिस्कवर तुमचे सहा महिन्यांचे सिम्युलेशनचे निकाल आहेत.

घाबरू नका. त्याच पार्टिशनवर फोल्डर हलवताना डेटा जागचा हलत नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो. तुमचे निकालही जिथल्या तिथे आहेत.

मग कमांड का चालत नाहीत?

हल्लीच्या उबुंटूत '/बिन' आणि '/लिब' या '/यूएसआर' कडे बोट दाखवणाऱ्या लिंक असतात. ते गेलं की दोन्ही पोकळ होतात. बरं, 'एलएस' चा नवा पूर्ण पत्ता दिला तरी 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' असंच उत्तर येतं. फाइल तर समोर आहे! खरं तर हरवलाय तो लोडर. प्रोग्रॅम सुरू करताना त्याला लागणाऱ्या लायब्ररी जोडून देणारा हा छोटा प्रोग्रॅम कर्नल जुन्याच पत्त्यावर शोधत असतो.

काय करायचं?

१. उघडं टर्मिनल बंद करू नका, मशीन रीस्टार्ट करू नका. चालू असलेला शेल मेमरीत आहे, म्हणून तो जिवंत आहे. 'सीडी' आणि 'इको' त्याच्या पोटातच असतात. 'इको /*' देऊन कुठे काय आहे ते बघा.

२. टर्मिनल रूटचं असेल, तर लोडरलाच थेट हाक मारा. 'एलडी-लिनक्स' ने सुरू होणारी ही फाइल '/जुने/यूएसआर/लिब' मधल्या 'एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू' या फोल्डरमध्ये असते. एकाच ओळीत क्रमाने लिहा: लोडरचा पूर्ण पत्ता, 'लायब्ररी-पाथ' हा पर्याय (आधी दोन डॅश), तेच लायब्ररींचं फोल्डर, 'एमव्ही' चा नवा पूर्ण पत्ता, '/जुने/यूएसआर' आणि शेवटी '/'. फोल्डर परत जागेवर!

३. रूटचं टर्मिनल नसेल, तर ही युक्ती चालणार नाही. लोडरमार्फत चालवलेल्या 'सुडो'ला रूटचे अधिकार मिळत नाहीत. अशा वेळी लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा, मूळ पार्टिशन माउंट करा आणि फोल्डर परत हलवा. तिथे 'इन्स्टॉल' निवडू नका. फॉरमॅट झालं, तर आतापर्यंत सुरक्षित असलेला डेटा खरोखरच जाईल.

सगळं सुरळीत झालं की पहिलं काम म्हणजे निकालांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. आणि यापुढे रूट म्हणून 'एमव्ही' देण्याआधी तोच पत्ता 'एलएस' ला देऊन बघत जा. राहिलेला टिंब तिथेच दिसेल.