इंजिनाचा धूर काय सांगतो?

आमच्या गटाची पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालते. ते बंद पडलं की दळणं अडायची, कर्जाचा हप्ता थकायचा. म्हणून आम्ही इंजिनच समजून घेतलं.

यात ठिणगीचा प्लग नसतो. दट्ट्या खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना ती दाबतो. दाबलेली हवा इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्या जोरानं दट्ट्या खाली ढकलला जातो, चाक फिरतं. पुन्हा वर येताना तो धूर बाहेर टाकतो.

धूर काळा आला, तर इंजिन बंद करून आधी एअर फिल्टर बघा. निळा आला, तर ऑइल जळतंय, मिस्त्रीला बोलवा. आणि बायांनो, बंद खोलीत इंजिन कधीच चालवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. पण तो जीव घेतो.