ब्लूबेरी, रक्तातली साखर आणि मूत्रपिंडे

ब्लूबेरी मूळची उत्तर अमेरिकेची. शतकानुशतके ती रानातून वेचून आणली जाई. न्यू जर्सीच्या एलिझाबेथ व्हाइट आणि अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी तिला शेतात आणले आणि १९१६ साली लागवडीचे पहिले पीक बाजारात गेले. भारतातल्या मोठ्या शहरांत मिळणारी फळे बहुतेक आयात केलेली असतात, म्हणून छोट्याशा डबीचीही किंमत डोळ्यांत भरते.

फळ कापून पाहिले तर आतला गर फिकट, हिरवट-पांढरा निघतो. निळा रंग असतो तो सालीत. हा रंग देणाऱ्या अँथोसायनिन या द्रव्यांवरच ब्लूबेरीची सगळी कीर्ती उभी आहे. रानातली फळे बारीक असल्याने वजनाच्या मानाने त्यांत साल जास्त आणि रंगही जास्त. मात्र खाल्लेल्या अँथोसायनिनपैकी फार थोडे जसेच्या तसे रक्तात उतरते. बरेचसे मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू त्याचे लहान तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात शिरतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होणारे नायट्रिक ऑक्साइड टिकून राहायला त्यांची मदत होत असावी, असे मानले जाते. या वायूमुळे वाहिन्या सैल पडतात.

माणसांवरच्या चाचण्यांचे निकाल मात्र एका सुरात बोलत नाहीत. २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगात लठ्ठ, पण मधुमेह न झालेल्या ३२ जणांपैकी काहींना सहा आठवडे ब्लूबेरीची पूड घातलेली स्मूदी दिली, बाकीच्यांना तशीच पण बिनपुडीची. पूड घेणाऱ्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद अधिक सुधारला. ब्रिटनमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी सहा महिन्यांची होती. पोटाचा वाढलेला घेर, चढा रक्तदाब, बिघडलेली साखर आणि चरबी यांच्या एकत्र दुखण्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तो असलेली माणसे या चाचणीत होती. रोज सुमारे १५० ग्रॅम ताज्या फळांइतकी पूड घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या अधिक लवचीक झाल्या. इन्शुलिनच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही आणि निम्म्या मात्रेने तर वाहिन्यांवरही परिणाम दिसला नाही. म्हणजे चिमूटभर फळे दह्यावर पेरून फारसे काही साधत नाही. यातल्या बऱ्याच संशोधनाला ब्लूबेरी उत्पादकांच्या संस्थेचे अर्थसाहाय्य आहे. तेवढ्याने निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण वाचताना ही गोष्ट ध्यानात असलेली बरी.

मूत्रपिंडांचा संबंध इथूनच जुळतो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा गुंताच. वर्षानुवर्षांची वाढलेली साखर आणि चढा रक्तदाब ही या गाळण्या निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे. त्यामुळे या दोहोंना आळा घालणारे काहीही मूत्रपिंडांच्या पथ्यावरच पडते. थेट पुरावा मात्र मुख्यतः उंदरांचा आहे. आनुवंशिक उच्च रक्तदाबाच्या उंदरांना २ टक्के ब्लूबेरी मिसळलेले खाद्य दिले, तेव्हा त्यांचा रक्तदाब कमी राहिला आणि मूत्रपिंडांचे गाळण्याचे कामही सुधारले. हा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून माणसाचे वाढलेले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे नीट गाळेनाशी झाली की रक्तात साचणारे टाकाऊ द्रव्य, ब्लूबेरीने उतरेल, असा अर्थ काढणे म्हणजे फारच मोठी उडी झाली.

किडनीच्या रुग्णाला या फळाचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि तो जाहिरातीत सहसा दिसत नाही. आजार वाढला की पोटॅशियम रक्तात साचते आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून डॉक्टर केळे आणि शहाळ्याचे पाणी बंद करायला सांगतात, आणि फळ म्हटले की रुग्ण बिचकतो. १०० ग्रॅम केळ्यात सुमारे ३५८ मिलिग्रॅम पोटॅशियम असते, तेवढ्याच ब्लूबेरीत अवघे ७७. सोडियम आणि फॉस्फरसही त्यात नगण्य. त्यामुळे आहारतज्ज्ञांच्या यादीत ती मोकळेपणाने बसते, अर्थात माप सांभाळून. सफरचंदही याच यादीत असते आणि खिशाला परवडते.

साखर मात्र १०० ग्रॅममागे दहा ग्रॅमच्या आसपास आहेच, सोबत अडीच ग्रॅम तंतू. अख्खे फळ आणि रस यांतला फरक २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी पाहणीत उघड झाला: ब्लूबेरी, द्राक्षे, सफरचंद नियमित खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेह कमी आढळला, तर फळांचे रस पिणाऱ्यांत जास्त. सुकवलेल्या ब्लूबेरीच्या पाकिटात बहुधा वरून साखर घातलेली असते आणि चीजकेकवरचा निळा थर तर पाकातलाच. गोठवलेली, बिनसाखरेची फळे ताज्याइतकीच चालतात. वॉर्फरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर रोज वाटीभर खायला लागण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण ब्लूबेरीत व्हिटॅमिन के थोडेफार असते आणि ते या औषधाच्या विरुद्ध काम करते.