आम्ही अंगठाबहाद्दर!

ओटीपी, कॅप्चा, पासवर्ड आणि अंगठा... स्वतःच्याच आयुष्यात शिरायला आता रोज परवानगी काढावी लागते. आणि ही दारं बांधणारे? तेही दारातच अडकलेत!

सकाळचे सव्वाआठ. त्रिवेणीनगर चौकात ऑफिसची कॅब उभी आहे. उभी म्हणजे अगदी ठार उभी. एवढ्यात मोबाइल टुणकन वाजतो. 'गेटवर पाहुणे आलेत. आत सोडायचं?' पाहुणे म्हणजे आमच्या पोळ्यावाल्या मावशी. सहा वर्षं रोज याच वेळी येतात. मी 'हो' दाबते. गोल चक्र फिरतं, फिरतं आणि अ‍ॅप म्हणतं, 'तुमचं सेशन संपलंय, पुन्हा लॉग-इन करा.' लॉग-इनला ओटीपी हवा. ओटीपीला रेंज हवी. तोवर चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटवर मावशी आणि वॉचमनकाका समोरासमोर उभे. दोघं एकमेकांना चांगले ओळखतात, एकमेकांच्या पोरांची दहावीची टक्केवारीसुद्धा ठाऊक आहे. पण अ‍ॅपला ओळख पटत नाही तोवर दांडा वर जात नाही!

शिव्या घालायची सोय नाही, कारण या धंद्यात मी स्वतःच आहे. तळवड्याच्या आयटी पार्कात लॉग-इनचे स्क्रीन टेस्ट करणं हे माझं काम. तुम्ही रात्री अकराला वैतागून ज्या लाल अक्षरांकडे बघता ना, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा', तसली वाक्यं माझ्या टेबलावरून पास होऊन जातात. सॉरी हं!

ओटीपी आला का?

आता खरं सांगायचं तर ओटीपी काही उगाच आलेला नाही. कार्डावरचा नंबर चोरला की खेळ खल्लास, अशी परिस्थिती होती. म्हणून रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरी खात्री सक्तीची केली. मग आलं यूपीआय. एप्रिल २०१६ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. तळवडे चौकातला वडापाव असो की चाकणच्या बाजारातला कांदा, सुट्ट्या पैशांची कटकट गेली हे मान्यच आहे.

पण सोय अंगवळणी पडली की तिची गैरसोयही दुप्पट होते. १२ एप्रिल २०२५ ला, ऐन हनुमान जयंतीच्या शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं. पाकिटात नोटा ठेवायची सवय मोडलेल्या पिढीला त्या दिवशी चहासुद्धा उधारीचा झाला. रोख पैसे कधी 'सर्व्हर डाऊन' होत नव्हते, हे तेव्हा आठवलं.

आमच्या घरी तर ओटीपी हे एक नातंच आहे. अप्पांच्या म्हणजे वडिलांच्या बँकेला, गॅसला, लाइट बिलाला सगळीकडे माझा नंबर दिलेला. त्यामुळे मीटिंगमध्ये बॉस आकडे सांगत असतो आणि मी कोपऱ्यात कुजबुजत असते, "अप्पा, लिहून घ्या. चार... सात... नाही हो, सात!" रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांनी एसएमएसखेरीज दुसऱ्या पर्यायांनाही दार उघडलंय. बघू या, ते आमच्या घरापर्यंत कधी येतं.

तुम्ही माणूस आहात का?

दुसरा छळ कॅप्चाचा. नऊ चौकोन दाखवायचे आणि म्हणायचं, 'सिग्नल असलेले निवडा.' सिग्नलचा खांब शेजारच्या चौकोनात चार मिलिमीटर घुसलेला. तो धरायचा की सोडायचा? मशीननं मला विचारायचं, 'बाई, तू माणूसच ना?' आणि मी घाम पुसत पुरावा द्यायचा.

आणि पासवर्ड! एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी नवा. या नियमांचं मूळ अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेच्या २००३ च्या मार्गदर्शिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये चक्क कबूल केलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी निस्टनंही सांगितलं, कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका. कारण माणूस नवा पासवर्ड करतच नाही, जुन्याच्या शेपटीला १ च्या जागी २ लावतो. चेहरे बघू, कोण कोण हसलं ते!

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही.

दहा बोटं, एकही नाही

माझे आजोबा अंगठाबहाद्दर होते. गावाकडे सातबाऱ्यापासून सोसायटीच्या कर्जापर्यंत सगळीकडे निळा अंगठा. अप्पा घरातले पहिले सही करणारे. आयटीआयचा टर्नर ट्रेड केला, तळवड्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर एकतीस वर्षं काढली. रुपीनगरच्या दोन खोल्यांतून आम्हाला शिकवलं. त्यांची सही अजून बघण्यासारखी आहे. शेवटच्या अक्षराला एक झोकदार शेपूट.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. कर्मचारी पेन्शन योजनेत वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबते. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना हजार रुपये आहे. अप्पांची त्याहून थोडी जास्त, पण ती त्यांची स्वतःची. माझ्याकडून औषधाचे पैसे न घेण्याचं त्यांचं बळ त्या पेन्शनमध्ये आहे.

गुरुवारी गेलो. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवार हीच सुट्टी, रिटायर झाल्यावरही अप्पा कामं गुरुवारीच काढतात. मी रजा टाकली होती. सेंटरवरच्या पोरानं मशीन पुढे सरकवलं, "काका, अंगठा." लाल लाइट. दुसरा अंगठा. लाल. "काका, हात धुवून या बरं." धुऊन आले. लाल. "थोडं तेल लावा. जोरात दाबा. इतकं जोरात नाही." एकेक करत दहाही बोटं झाली. मागे रांग वाढत होती. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्यांना कशाला आणतात गर्दीत!" शेवटी पोरगा म्हणाला, "काका, मॅचच होत नाही. उद्या या."

उद्या गेलो. पुढच्या सोमवारी गेलो. तेच.

परत येताना अप्पा गाडीवर मागे गप्प बसले होते. निगडीच्या पुलापाशी एवढंच म्हणाले, "मायक्रोमीटर लावायच्या आधी हे बोट सांगायचं गं, अजून किती मटेरियल काढायचंय ते."

झिजलेल्या रेघा

मशीन खोटं बोलत नव्हतं. ते बोटावरच्या रेघा जिथे तुटतात, जिथे फाटे फोडतात, ती ठिकाणं नोंदवतं आणि जुन्या नोंदीशी ताडून बघतं. लेथचं कूलंट, लोखंडाची बर, सिमेंट, चुना, धुण्याभांड्याची पावडर, रोजचं घासणं... या सगळ्यानं त्या रेघा सपाट होतात. वय वाढलं की कातडी कोरडी पडते, सैल होते. म्हणजे ज्यानं हातानं सर्वांत जास्त काम केलं, त्याचाच हात मशीनला दिसत नाही.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. नोंदणीच्या वेळी दहा बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहराही घेतात, ते उगाच नाही. एक दार बंद झालं तर दुसरं असावं म्हणून. पण खिडकीवर बसलेल्याला ते दुसरं दार कुणी दाखवलेलंच नसतं.

त्या आठवड्यात मी ऑफिसात टीमला विचारलं, "आपल्या स्क्रीनवर ज्याचं बोट वाचताच येत नाही, त्यानं काय करायचं?" उत्तर आलं, "ती एज केस आहे. नंतर बघू." एज केस म्हणजे आमच्या भाषेत अपवाद, हजारातला एखादा. मी काचेतून बाहेर बघितलं. आमच्या पार्काच्या भिंतीपलीकडे शेड आहेत, पुढे चिखली, भोसरी, चाकण. आख्खा पट्टाच लेथ, प्रेस आणि वेल्डिंगवर उभा आहे. इथे अप्पा अपवाद कसे?

झालो का जिवंत?

उपाय शेवटी एका रविवारी घरीच सापडला. हयातीचा डिजिटल दाखला, म्हणजे 'जीवन प्रमाण', सुरू झाला नोव्हेंबर २०१४ मध्ये. त्यात चेहऱ्यानं ओळख पटवायची सोय नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि कर्मचारी पेन्शनवाल्यांसाठी जुलै २०२२ मध्ये. अँड्रॉइड फोनवर दोन अ‍ॅप घ्यायची, एक आधारचं चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाणचं. उजेड तोंडावर येईल असं बसायचं, चष्मा काढायचा, डोळे मिचकावायचे. ज्यांना हेही जमत नाही त्यांच्याकडे पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो. आणि आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्यानं नोंदवूनही घेता येतात. तुमच्या घरी कुणी 'लाल लाइट'वाले असतील, तर नोव्हेंबरची वाट बघू नका. या पेन्शनमध्ये दाखला वर्षभरात कधीही देता येतो आणि तिथून पुढे एक वर्ष चालतो.

अप्पांना खिडकीत बसवलं. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. आयुष्यात कधी सेल्फी काढला नव्हता त्यांनी. "अप्पा, मिचकवा." ते दोन्ही डोळे घट्ट मिटूनच बसले. आईला हसू आवरेना. तिसऱ्या खेपेला स्क्रीन हिरवा झाला.

"झालो का जिवंत?" अप्पांनी विचारलं.

"झालात!"

मग त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं. "सही कुठे करू?"

सही कुठेच नव्हती. पण मी प्रिंट काढली, खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "इथे करा." त्यांनी सावकाश, शेपटासकट सही केली. तो कागद आता त्यांच्या ट्रंकेत आहे.

सोमवारी ऑफिसात मी 'एज केस'च्या यादीतून ती ओळ उचलून पहिल्या पानावर टाकली. मीटिंग चालू आहे. अजून पास झालेली नाही. आणि हो, आत्ता हे लिहितानाच मोबाइल पुन्हा टुणकन वाजलाय. गेटवर मावशी आहेत. थांबा हं, ओटीपी येतोय...