निवासातील समता : अमेरिकेचा अनुभव

अमेरिका व इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहावयास जागा मिळाली नाही. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत राहिले. जात उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. माणसाला कोठे राहू द्यावयाचे, हे ठरविणे विषमतेचे जुने शस्त्र आहे. अमेरिकेत तर शासनानेच ते हाती घेतले.

महामंदीच्या काळात गहाण पडलेली घरे वाचविण्यासाठी १९३३ मध्ये तेथील केंद्र शासनाने एक गृहकर्ज महामंडळ स्थापन केले. त्याने दोनशेहून अधिक शहरांतील वस्त्यांची चार श्रेणींत विभागणी केली. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या बहुतेक ठिकाणी शेवटच्या श्रेणीत, नकाशावर लाल रंगात, दाखविल्या गेल्या. १९३४ पासून शासन गृहकर्जांना हमी देऊ लागले. परंतु त्यासाठीच्या नियमपुस्तिकेने, कृष्णवर्णीयांस घर विकू नये, अशा करारांची शिफारसच केली. श्वेतवर्णीयांस उपनगरांत सुलभ हप्त्यांवर घरे मिळाली. कृष्णवर्णीयांस कर्ज नाकारले गेले.

घर ही सामान्य कुटुंबाची प्रमुख संपत्ती. शिवाय तेथील शाळांचा बराचसा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो. त्यामुळे वस्ती दरिद्री राहिली की शाळाही दरिद्री राहते, आणि बापावरील अन्याय मुलाच्या वाट्याला येतो.

४ एप्रिल १९६८ रोजी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर आठवडाभरातच घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. बंद दार कायद्याने उघडले. परंतु तीन दशकांत बुडालेली संपत्ती परत मिळाली नाही. आजही श्वेतवर्णीयांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे स्वतःच्या घरात राहतात. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण निम्म्याहून कमी आहे.

भगवान बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादाचा बोध येथे उपयोगी पडतो. दुःख कारणापासून उत्पन्न होते आणि कारण दूर केल्यानेच निरोध पावते. येथे कारण शासकीय धोरण होते. म्हणून उपायही धोरणानेच केला पाहिजे. इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन शहराने २०२१ मध्ये, अशा भेदभावाची झळ सोसलेल्या कृष्णवर्णीयांस घरासाठी २५,००० डॉलर देण्याची योजना मंजूर केली, ती याच विचाराने.

२०२३ मध्ये सिॲटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचाही समावेश केला. त्यात निवासाचाही अंतर्भाव आहे. वर्णाविरुद्धचा तो लढा आपल्याला परका नाही. समान निवासाची मागणी ही दयेची याचना नव्हे. ती बंधुतेची पहिली अट आहे.