ध्रुपदाचे दृश्यरूप : पापनाशम् आणि गीतचित्रफितीचा विद्यार्थी-प्रकल्प

साहित्याच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांकडून गीतचित्रफीत करवून घेणे हा प्रथमदर्शनी माध्यमविद्येच्या प्रांतातला उद्योग वाटतो. तीनचार मिनिटांचे गीत निवडून त्याला चित्रांची जोड द्यायची, एवढेच त्याचे स्वरूप असेल तर तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यात स्वारस्य असण्याचे कारण नाही. परंतु रोमान याकबसन यांनी १९५९ मध्ये भाषांतराचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांतील तिसरा, म्हणजे शाब्दिक चिन्हांचा अन्य चिन्हव्यवस्थेत होणारा अनुवाद, विद्यार्थ्याला प्रत्यक्ष करून पाहता येतो तो अशा प्रकल्पात. हा अनुवाद नेमका कोठे अडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात कुंभकोणमजवळच्या पापनाशम् या गावाच्या आधारे केला आहे.

तिरुनेलवेलीकडे याच नावाचे दुसरे क्षेत्र आहे. येथे अभिप्रेत आहे ते तंजावर जिल्ह्यातील पापनाशम्. ‘त्यागभूमी’ (१९३९) या तमिळ बोलपटाचे दिग्दर्शक के. सुब्रह्मण्यम् (१९०४–१९७१) यांचे हे जन्मगाव. पापनाशम् शिवन् (१८९०–१९७३) यांचा जन्म पोळगमचा आणि बालपण तिरुवनंतपुरमचे. थोरल्या भावाकडे राहावयास आल्यावर या गावाचे नाव त्यांना कायमचे चिकटले. ‘त्यागभूमी’त शिवन् यांनी शंभू शास्त्रींची भूमिकाही केली. या प्रदेशाला तिसरा एक पदर आहे. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरवर भोसल्यांचे राज्य होते. त्या आश्रयाने आलेल्या मराठी कीर्तनातून साकी, दिंडी, ओवी, अभंग हे प्रकार तमिळ हरिकथेत मुरले. तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी या हरिकथेला घडीव रूप दिले. भजन-संप्रदायातील तमिळभाषक आजही अभंग गातात. त्यामुळे येथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर तमिळ कृती, मराठी अभंग आणि बोलपटातील गीत हे तिन्ही नमुने एकाच परिसरात उभे राहतात.

गीत आणि दृश्य यांचे संबंध अँड्र्यू गुडविन यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात तीन प्रकारचे मानले : दृश्य शब्दांचे चित्रण करते, त्यांच्या अर्थात भर घालते, किंवा त्यांच्यापासून फारकत घेते. नवखा विद्यार्थी बहुधा पहिल्या वाटेने जातो. ‘दिवा’ हा शब्द आला की दिवा, ‘नदी’ आली की नदी. ही वाट पहिल्याच पुनरावृत्तीशी खुंटते. ओळ दुसऱ्यांदा आली, तर दिवा पुन्हा दाखवावा काय? चौथ्यांदा आली तर?

ही अडचण किरकोळ नाही, हे साध्या हिशेबाने कळते. चार मिनिटांचे गीत, सेकंदाला २५ चित्रे, म्हणजे एकूण ६,००० चित्रे. आदितालाच्या आठ मात्रा मिनिटाला ८० या गतीने घेतल्या, तर एक आवर्तन सहा सेकंदांचे, म्हणजे १५० चित्रांचे होते आणि गीतात अशी चाळीस आवर्तने बसतात. त्यांतली निम्मी जरी आधी येऊन गेलेल्या ओळींची असली, तरी निम्मी चित्रफीत नव्या शब्दांवाचून उरते. म्हणून चित्रणाआधी विद्यार्थ्याने आवर्तनांचा तक्ता करावा : कोणती ओळ, कितव्यांदा, कोणत्या बदलासह. संहितावाचनाचा खरा भाग हाच होय. कॅमेरा त्यानंतरचा.

कारण पुनरावृत्ती सर्वत्र एकाच जातीची नसते. कृतीत संगतींच्या रूपाने एकच ओळ दर वेळी निराळ्या स्वरवळणाने येते. शब्द तेच, पण गायकाची त्यांच्यावरील पकड वाढत जाते. अभंगात अग्रणी ओळ सोडतो आणि इतर ती झेलतात. येथे ओळ फिरून येते ती दुसऱ्यांच्या मुखाने. बोलपटातल्या गीतात ती कथेतल्या श्रोत्यावर काय परिणाम करते, हे पाहण्यासाठी वेळ मिळतो. म्हणून कृतीच्या चित्रफितीत कॅमेरा एका चेहऱ्यापाशी थांबला तर ते योग्य ठरेल. अभंगात तसे केले, तर समूहाचे गाणे एकट्याच्या मालकीचे होते. छायाचित्रण कितीही उत्तम असले, तरी तो अनुवाद चुकला, असेच म्हणावे लागेल.

नाममुद्रेचा प्रश्न याहून बिकट आहे. शिवन् यांच्या रचनांत ‘रामदासन्’ ही मुद्रा येते. मराठी वाचकाला समर्थांची आठवण होईल आणि तंजावरातील समर्थसंप्रदायामुळे ती बळावेल. परंतु ही मुद्रा त्यांच्या रामय्या या मूळ नावावरून आली आहे. साम्य दिसले की प्रभाव मानण्याची घाई येथे नडते. मुद्रा गायली जात असताना पडद्यावर कोणाचा चेहरा दिसतो, त्यावर ‘मी’ कोण हे ठरते. चेहऱ्याचे हे सामर्थ्य प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) दाखवून दिले. शांताराम आठवले यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ विष्णुपंत पागनीसांच्या मुखी आले आणि अनेकांनी ते तुकारामांचा अभंग म्हणूनच स्वीकारले. एका चित्रणाने कर्तृत्वाचा समज बदलला. विद्यार्थ्याच्या हाती असलेले साधन त्याच जातीचे आहे.

स्थळाबाबतही हीच सावधगिरी हवी. पापनाशम् येथील रामलिंगस्वामी मंदिरात १०८ शिवलिंगे आहेत. त्यांच्या ओळी ध्रुपदाच्या आवृत्तीला समांतर दृश्य म्हणून सहज मोह घालतील. मात्र उपासकाच्या दृष्टीने त्यांतील प्रत्येक लिंग स्वतंत्र पूजेचा विषय आहे. तालावर दृश्ये कापत नेली, तर त्यांची नक्षी होते. प्रत्येकापाशी थांबणाऱ्या माणसासोबत कॅमेरा चालला, तर आवृत्तीचा अर्थ उलगडतो. अर्थात मंदिराची परवानगी आणि मर्यादा प्रथम पाळावयाच्या. हक्कांचेही तसेच. तुकारामांचे शब्द मुक्त आहेत, पण त्यांचे एखादे ध्वनिमुद्रण मुक्त असेलच असे नाही. शिवन् यांचे शब्द भारतीय कायद्याप्रमाणे २०३३ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. वर्गातील अध्ययन आणि सार्वजनिक प्रसारण यांत कायदा भेद करतो. विद्यार्थ्यांनी स्थानिक गायकांच्या संमतीने नवे ध्वनिमुद्रण करणे, हा यातला प्रामाणिक मार्ग होय.

अशा प्रकल्पाचे मूल्यमापन चित्रांच्या देखणेपणावर होऊ नये. चित्रफीत एकदा आवाज बंद करून पाहावी. ओळ केव्हा परतली आणि ती कोणी परत आणली, हे तरीही ओळखता आले, तर विद्यार्थ्याने गीताची रचना वाचली आहे. ओळखता आले नाही, तर त्याने केवळ शब्द वाचले. तौलनिक अभ्यासात प्रभावांच्या नोंदी पुष्कळ झाल्या आहेत. रचनाबंधांची तुलना त्या मानाने थोडी झाली. कृती, अभंग आणि बोलपटगीत यांच्यातील भेद निबंधात एका परिच्छेदात उरकता येतो. चित्रफितीत मात्र दर सहा सेकंदांनी त्याचा निर्णय घ्यावा लागतो.