तळघरांतील ओल

सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या शहरांत तळघराला ओल लागावी, हें प्रथमदर्शनीं विसंगत वाटतें. उन्हाळ्यांत येथील पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वाळत घातलेलें लुगडें पाहतां पाहतां खडखडीत होतें. तरीही पावसाळा उलटतां उलटतां तळघराचें दार उघडावें, तों कुबट वास येतो, भिंतीच्या पायथ्याशीं गिलाव्याचे पोपडे सुटलेले दिसतात, चादरींच्या गठ्ठ्यांवर काळे ठिपके उठलेले असतात आणि जुन्या वह्यांचीं पानें एकमेकांस चिकटलेलीं आढळतात. ही ओल येते कोठून, हें प्रथम ओळखलें पाहिजे. कारण न ओळखतां केलेला उपाय बहुधा पैशाचा अपव्यय ठरतो, आणि क्वचित् प्रसंगीं जिवावरही बेततो.

तळघरांत ओल तीन वाटांनीं शिरते. पहिली वाट झिरपणाऱ्या पाण्याची. सोलापूरच्या भोंवतालची काळी माती पाणी पिऊन फुगते व उन्हांत आकसून भेगाळते. या भेगांतून पहिल्या सरींचें पाणी थेट खोलवर उतरतें. मातीखालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण असतो. अखंड पाषाणांत पाणी जिरत नाहीं. म्हणून तें मुरुमांतून आडवें सरकतें, आणि वाटेंत तळघराची भिंत आली कीं तिच्यावर रेटा देतें. सोलापुरास पावसाचा जोर सप्टेंबरांत अधिक असतो. त्यामुळें आषाढांत कोरड्या राहिलेल्या तळघरांत भाद्रपदांत पाझर दिसूं लागला, तर त्यांत नवल नाहीं.

दुसरी वाट केशाकर्षणाची. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी वीट, चुना व माती यांतील सूक्ष्म छिद्रें जमिनींतील पाणी वर ओढतात. भिंतीच्या पृष्ठभागावरून तें पाणी उडून जातें, परंतु त्यांत विरघळलेले क्षार मागें राहतात. त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलावा फोडतात. यालाच लोणा लागणें म्हणतात.

तिसरी वाट हवेंतील बाष्पाची. थंड देशांत तळघराच्या भिंती उन्हाळ्यांतही गार असतात, आणि बाहेरची उबदार हवा त्यांना लागली कीं दंव धरतें. सोलापुरांतील हिशेब निराळा आहे. जमिनीच्या पोटांतील तापमान त्या गांवच्या वार्षिक सरासरीच्या जवळपास असतें. येथें तें सुमारें २७ अंश धरतां येईल. पावसाळ्यांतील २७ अंशांची व शेंकडा ८० आर्द्रतेची हवा सुमारें २३ अंशांपर्यंत निवाली तरच तिचें दंव बनतें. येथील भिंत सहसा इतकी थंड नसते, म्हणून थेंब क्वचितच दिसतात. मात्र बुरशीला थेंबांची गरज नाहीं. शेंकडा ८० च्या आसपासची आर्द्रता कांहीं दिवस टिकली कीं तिचें काम होतें. त्यांत कापूस हा स्वभावतःच हवेंतील ओलावा शोषणारा. सोलापुरांत पहिली कापडगिरणी १८७७ सालीं निघाली. सूत कोरडें पडून तुटूं नये म्हणून अशा गिरण्यांतून हवा मुद्दाम दमट ठेवावी लागे. जो ओलावा मागावर सुताला हवा, तोच गठ्ठ्यांत चादरीला घातक.

या तीन वाटांपैकीं दोष कोणत्या वाटेचा, हें पाहण्यास एक सोपी कसोटी आहे. भिंतीचा हातभर भाग पुसून कोरडा करावा, त्यावर प्लास्टिकचा तुकडा लावून चारी कडा चिकटपट्टीनें घट्ट बंद कराव्या आणि दोन दिवस थांबावें. तुकड्याच्या मागें पाणी आढळलें, तर ओल भिंतींतून येते. पुढील बाजूस आढळलें, तर ती हवेंतील होय. दुसरी तपासणी हौदाची. नळाला रोज पाणी न येण्याचा अनुभव या शहरास जुना आहे, आणि त्यामुळें घरोघरीं जमिनींतील हौद आहेत. रात्रीं हौदाची आवक व वापर दोन्ही बंद करून पातळीवर खूण करावी. सकाळपर्यंत पाणी खूण सोडून उतरलें असेल, तर तळघराच्या ओलीचा उगम पावसांत न शोधतां हौदांत शोधावा.

उपायांचा आरंभ घराबाहेरून करावा. भिंतीलगतच्या जमिनीला घरापासून दूर जाणारा उतार द्यावा, पन्हळीचें पाणी पायाशीं न सोडतां लांब न्यावें, फुलझाडांचे वाफे भिंतीला खेटून करूं नयेत आणि गळके नळ दुरुस्त करावे. इतक्यानें न भागल्यास भिंतीच्या बाहेरून चर खणून, त्यांत खडी व छिद्रांची नळी घालून पाण्याला वाट द्यावी. पायाच्या कडेनें खोल चर खणणें हें मात्र जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखालींच व्हावें. जलरोधक लेप शक्य तों बाहेरील अंगास द्यावा. आंतून सिमेंटचा जाड गिलावा केल्यास पाण्याचा रेटा त्याला कालांतरानें सोडवतो, किंवा कोंडलेली ओल त्याच्या वरच्या भागांत चढते.

मग वाऱ्याचा विचार. ४० अंशांच्या व शेंकडा २० आर्द्रतेच्या वैशाखी हवेंत दर घनमीटरास सुमारें १० ग्रॅम बाष्प असतें. वर सांगितलेल्या पावसाळी हवेंत तें सुमारें २० ग्रॅम असतें. म्हणून तळघर वाळवावयाचें तें चैत्र-वैशाखांत, झरोके सताड उघडून. पावसाळ्यांत आर्द्रतामापक आंत व बाहेर ठेवून पाहावा. दोन्हीकडचें तापमान सारखें असतां बाहेरचा आंकडा कमी दिसला, तरच झरोके उघडावे. ओलावा शोषणारें विजेचें यंत्र चालवितांना ते बंदच ठेवावे. कळीचा चुना ठेवण्याच्या जुन्या युक्तीला मर्यादा आहे: एक किलो चुना फार तर तिसरा हिस्सा किलो पाणी घेतो, तापतो, आणि डोळ्यांत गेल्यास भयंकर इजा करतो. सामान भिंतीपासून वीतभर दूर, घडवंचीवर ठेवावें.

जुन्या पिढीला धान्य भुईंत राखण्याची विद्या अवगत होती. पेवासाठीं उंच, मुरमाड जागा निवडीत, आंतून कडब्याचें अस्तर देत आणि तोंड घट्ट बंद करीत. पेव फोडल्यावर मात्र लगेच कोणी आंत उतरत नसे, कारण धान्याच्या श्वसनानें आंतील प्राणवायु संपून कर्बवायु सांचतो. दिवा सोडून पाहत. तो विझला तर उतरणें म्हणजे मरण. दिवा जळत राहिला तरी धोका टळला असें नव्हे, कारण ज्योत विझण्यापूर्वींच हा वायु माणसाला ग्रासूं शकतो.

हीच सावधगिरी आजच्या तळघरांतही हवी. ओल हटविण्यासाठीं बंद तळघरांत कोळशाची शेगडी पेटविणें, किंवा तेलावरील यंत्र आंत ठेवून पाणी उपसणें, हें प्राणघातक आहे. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला गुंगी येते आणि हांक मारण्याचेंही त्राण राहत नाहीं. तसेंच तळघरांत पाणी सांचलें असल्यास वरून वीज तोडल्याशिवाय कोणीही आंत पाऊल टाकूं नये. भिजलेल्या चादरी पुन्हां विणतां येतील. त्यांच्यासाठीं घरांतील माणूस धोक्यांत घालण्याचें कारण नाहीं.