टेकऑफला विमान डावीकडे का पळतं?

नवी मुंबई विमानतळ सुरू झाल्यापासून आमच्या महापेच्या टपरीवर चहासोबत विमानांच्याच गप्पा. भीती सगळ्यांना आकाशातली. पण विमान अजून जमिनीवर धावतंय आणि तेव्हाच ताब्यातून सुटलं, तर? माझा मामेभाऊ सध्या बारामतीत छोट्या विमानावर शिकतोय, म्हणून हा विषय मी जरा जास्तच मन लावून वाचला.

आपल्याकडचं ठळक उदाहरण मात्र मोठ्या विमानाचं आहे. २७ डिसेंबर २०१६ ची पहाट, गोव्यातलं दाबोळी. मुंबईला निघालेलं जेट एअरवेजचं बोइंग ७३७, आत १५४ प्रवासी. वेग घेतानाच ते धावपट्टीबाहेर गेलं आणि जवळजवळ पूर्ण गोल फिरून थांबलं. काही जण जखमी झाले, पण जीव सगळ्यांचे वाचले. कारण काय, तर दोन्ही इंजिनं सारखी स्थिरावण्याआधीच टेकऑफची पॉवर दिली गेली. एका बाजूचा जोर जास्त, दुसरीचा कमी. बैलजोडीतला एकच बैल उधळला की गाडीचं जे होतं, तेच झालं.

आता म्हणाल, शिकाऊ सेसना १५२ ला तर एकच इंजिन! बरोबर, पण तिथे पंखाच ओढतो. पायलटच्या जागेवरून बघितलं तर तो घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा सरळ जात नाही, विमानाभोवती गोल फिरत शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आदळते. शेपटी उजवीकडे ढकलली जाते, नाक डावीकडे वळतं. शिवाय पंखा एकीकडे फिरतो म्हणून विमान उलट्या बाजूला कलू बघतं आणि डाव्या चाकावर भार वाढतो. (काही जुन्या ब्रिटिश इंजिनांचा पंखा उलटा फिरतो. तिथे ओढ उजवीकडे.)

उपाय आहे उजवा पाय. जमिनीवर विमान हाताने नाही, पायातल्या पेडलने वळतं. गाडी चालवणाऱ्याचे हात मात्र सवयीने स्टिअरिंगकडेच जातात, आणि ते फिरवून नाक काही वळत नाही. मग घाबरून पेडल जोरात दाबलं जातं, विमान उजवीकडे झुकतं, की लगेच डावा पाय. आम्ही इंजिनिअर याला फीडबॅक लूपमधला उशीर म्हणतो: दुरुस्ती उशिरा आणि गरजेपेक्षा मोठी, त्यामुळे प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. अशा वेळी पॉवर बंद करून थांबायचं. माझ्या मते शिकणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते हेच, कारण मनाने तो आधीच उडालेला असतो.

याहून वाईट म्हणजे विमान ओढून उचलणं. सेसना १५२ साधारण ५० नॉट्सला, म्हणजे ताशी ९३ किलोमीटरच्या आसपास उचलतात. जमिनीलगत पंखांना थोडा जादा आधार मिळतो, त्यामुळे ते त्याआधीही तरंगू शकतं. पण वर गेलं की तो आधार संपतो. नाक उंच, वेग कमी, पंखा पूर्ण जोरात, म्हणजे डावी ओढही भरपूर. उजवा पाय सैल असेल तर एक पंख अचानक पडतो, बहुतेकदा डावाच. त्याला स्टॉल म्हणतात. सुटका सोपी आहे, नाक खाली करून वेग घ्यायचा. सरावात हे मुद्दाम हजारो फुटांवर करून बघतात. टेकऑफनंतर मात्र खाली शे-दोनशे फूटच असतात, आणि तेवढ्यात ते सावरत नाही.

धावपट्टीवरचा आडवा वारा राहिलाच, तो पुढच्या भागात.